अठरा वेळा न हललेला काटा

काका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी आभार मानायला लागलो तर "आभार कसले, चहा टाक" म्हणालात. चहा झाला. पण माझ्यासारखे हौशी सीएनसीवाले (संगणकाच्या हुकमावर कापणारं मशीन चालवणारे) हीच चूक करत असणार, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

कर्वेनगरच्या बाल्कनीतलं मशीन, ॲक्रिलिकची पाटी, मजकूर अस्सल पुणेरी: "बेल एकदाच वाजवावी". भिंतीतले जुने गट्टे ३०० मिमीवर, माझी भोकं पडली ३०१ वर. त्याआधी मशीन मागे-पुढे करून व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) ५० मिमी मोजले होते, ते ४९.८२ भरले. म्हणून मी शहाणपणा करून मिलिमीटरला मोटरच्या २०० स्टेप्स (पावलं) होत्या त्या २००.७२ केल्या आणि वर खूशही झालो.

भोसरीच्या टूलरूममध्ये केस पांढरे झालेल्या माणसाला मी सेटिंगची स्क्रीन दाखवत बसलो! तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत. मॅग्नेटिक स्टँडवर डायल (केसाएवढं सरकणंही काट्यावर दाखवणारं माप) लावलात, टोक मशीनच्या सरकत्या कॅरेजला टेकवलंत. "दोन मिमी पुढे घे. आता उलटा, पॉइंट झीरो वनने." मी बटण दाबत गेलो. अठरा वेळा दाबलं, काटा ढिम्म. एकोणिसाव्याला हलला.

"स्टेप्स चुकल्या असत्या तर फरक अंतराबरोबर वाढला असता. हा दिशा बदलली की तेवढाच खातोय," म्हणालात आणि ॲलन की मागितलीत. कॅरेज ओढणाऱ्या नटाचे दोन स्क्रू ढिले होते.

मोटर फेऱ्याला २०० स्टेप्स, ड्रायव्हर प्रत्येकीचे आठ तुकडे करतो, त्या नटातून फिरणारा लांब स्क्रू एका फेऱ्यात कॅरेज ८ मिमी सरकवतो. झाले २००. कागदावर सुटणारा आकडा मी व्हर्नियरने बिघडवला होता. मशीन चालवणाऱ्या जीआरबीएल या प्रोग्रॅममध्ये बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारी ही ढिलाई) भरून काढायची सोयही नाही, ती नटाचे स्क्रू आवळूनच जाते.

होमिंगचं (मशीनने स्विचला टेकून आपली शून्य जागा शोधण्याचं) मात्र तुम्ही कौतुक केलंत. पाच वेळा होमिंग केलं, डायल दर वेळी दोन रेघांच्या आत थांबला. मशीन स्विचवर आधी जोरात जातं, मागे येतं आणि मग हळू टेकतं, हे बघून "आमचा पोरगा असाच शिकला असता तर" असं काहीतरी पुटपुटलात.

प्रोबच्या प्लेटची (पाटीवर ठेवून हत्याराचं टोक टेकवायचं, म्हणजे मशीनला उंची कळते) जाडी मी विकणाऱ्याच्या शब्दावर २० टाकली होती. तुमच्या मायक्रोमीटरवर ती १९.६२ निघाली. माझी अक्षरं ठरवल्यापेक्षा खोल का जात होती, ते तेव्हा कळलं. प्लेटवर आता मार्करने तो आकडा लिहिलाय.

डायल अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देतो. पाटी नव्याने कापली, गट्ट्यांवर चपखल बसली. बेल लोक अजून दोनदाच वाजवतात.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा खडखडाट