अश्वशक्ती शून्य : मृद व जलसंधारण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
मृद व जलसंधारण विभाग, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी संगमेश्वर तालुक्यातला आंबा-काजूवाला. बाग वर सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या माळावर, आणि पाणी खाली पऱ्यात, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यात. पऱ्याला पाणी जून ते फेब्रुवारी, आणि बागेतल्या लहान कलमांना ते हवं मार्च ते मे. सड्याच्या कडेला १५ × १५ × ३ मीटरचं शेततळं आहे, आत प्लास्टिकचं अस्तर आहे. वीज तिथवर आलेली नाही, आणि पऱ्यापासून तळ्यापर्यंतचा चढ उभा तीस मीटरचा.

तीन वर्षं झाली, या पऱ्याचं पाणी आपोआप वर चढतं. वीज नाही, डिझेल नाही, सोलर नाही. या पंपाचं नाव हायड्रॉलिक रॅम, सुटसुटीत 'हायड्रॅम'. आमच्या वाडीत त्याला ठोक्या म्हणतात, कारण तो रात्रंदिवस मिनिटाला पन्नासेक ठोके देतो. पहिले आठ दिवस घरातल्यांना झोप लागली नाही. आता ठोका थांबला की जाग येते.

गेल्या वर्षी वाटलं, वरच्या धनगरवाड्यासाठी असाच एक दुसरा बसवावा. पैसे माझ्या एकट्याच्या आवाक्यातले नव्हते म्हणून एका सरकारी कार्यालयात गेलो. टेबलावरच्या बाईंनी अर्ज उघडला. भले वागल्या, हे आधी सांगतो. पहिला रकाना पंपाची अश्वशक्ती.

"किती लिहू?"

"शून्य."

"शून्य घेत नाही हे. तीन टाकू?"

"तीन नाहीये पण."

"मग पाच टाकते. पाचला चालतं."

पुढचा रकाना होता ऊर्जेचा : वीज, डिझेल की सौर. चौथा पर्याय नव्हता. बाईंनी अर्ज बंद केला, चहा मागवला आणि म्हणाल्या, "काका, तुमचा पंप दरसूचीत नाही. दरसूचीत नाही म्हणजे त्याचं प्राकलन होत नाही, आणि प्राकलन नाही तर पुढचं काहीच नाही." दरसूची म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांची यादी, आणि प्राकलन म्हणजे त्यावरून काढलेला खर्चाचा अंदाज. मला राग आला नाही. त्या बोलल्या ते खरंच होतं. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

महोदय, आपण हे यंत्र पाहिलं नसेल तर आधी ते दाखवतो.

भरल्या दाबाचा नळ झटक्यात बंद केला की भिंतीतला पाइप धाडकन वाजतो. वेगात आलेल्या पाण्याला अचानक अडवलं की क्षणभर मोठा दाब तयार होतो, त्याचा तो आवाज. शहरात प्लंबर त्यावर उपाय शोधतो. हायड्रॅममध्ये तो धक्काच कामाला लावलेला आहे. पऱ्यावरच्या कुंडीतून दोन इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप तीन मीटर खाली उतरतो, लांबी पंधरा मीटर. खालच्या टोकाला एक झडप उघडी लोंबत असते. पाणी तिच्यातून बाहेर सांडतं, सांडता सांडता वेग घेतं, आणि तो वेगच झडपेला वर ढकलून बंद करतो. ठोका पडतो. अडलेल्या पाण्याला मग एकच वाट उरते, दुसऱ्या झडपेतून वरच्या हवेच्या नळकांड्यात. तिथली हवा दबते आणि स्प्रिंगसारखी उलटून ते घोटभर पाणी काळ्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपात चढवते. दाब ओसरला की खालची झडप स्वतःच्या वजनाने पुन्हा पडते आणि पाणी पुन्हा सांडायला लागतं. एवढंच. हलणारे भाग दोन.

माझी खालची झडप म्हणजे विहिरीवरच्या पंपाचा जुना पितळी फूटव्हॉल्व्ह, स्प्रिंग काढून उलटा बसवलेला, मधून बोल्ट घालून त्यावर वॉशरांचं वजन. एक वॉशर वाढवला की ठोका मंदावतो, काढला की जलद होतो. नळकांडं चार इंची पाइपाचं, मीटरभर उंच. पाणी हळूहळू आतली हवा विरघळवून नेतं आणि मग पंप बसतो, पाइप हादरायला लागतो. म्हणून आत सायकलची अर्धवट हवा भरलेली ट्यूब कोंबली आहे. हे सगळं बाजारपेठेतल्या वेल्डिंगवाल्याने दोन दिवसांत करून दिलं. तिसऱ्या दिवशी पंप बंद. खोललं तर झडपेत खेकडा. तेव्हापासून कुंडीच्या तोंडाला जाळी आहे.

शोध आजकालचा नाही. इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात जॉन व्हाइटहर्स्ट या घड्याळजीने १७७२ साली असा पंप केला, पण त्याचा नळ हाताने उघडबंद करावा लागे. १७९६ साली फ्रान्समध्ये जोसेफ-मिशेल माँगोल्फिए याने झडप आपोआप चालेल असं करून आपल्या कागदाच्या गिरणीला पाणी चढवलं. हा तोच माँगोल्फिए, गरम हवेच्या फुग्यातल्या भावांपैकी एक. फुगा जगाला माहीत झाला, पंप मागे राहिला.

आता हिशेब, कारण आपल्या विभागात हिशेबाशिवाय काही हलत नाही आणि ते बरोबरच आहे.

माझ्या पंपात मिनिटाला साठ लिटर पाणी उतरतं. बादलीने मोजलं आहे, पंधरा लिटरची बादली पंधरा सेकंदांत भरते. उतार तीन मीटर, चढ तीस. काहीच नुकसान झालं नसतं तर एक दशांश, म्हणजे मिनिटाला सहा लिटर वर गेलं असतं. प्रत्यक्षात निम्मं जातं, तीन लिटर. चांगल्या कारखान्यातला पंप यापेक्षा सरस निघेल, माझा वेल्डिंगच्या दुकानातला आहे. मिनिटाला तीन लिटर ऐकून लोक हसतात. पण ठोक्याला रात्र नाही, भारनियमन नाही. २४ तासांचे ४,३२० लिटर होतात.

त्या ४,३२० लिटरचं काय होतं ते पाहा. माझ्या तळ्यात काठोकाठ साधारण ४ लाख ४० हजार लिटर मावतात. पावसात ते भरतंच, भरण्याचा प्रश्न कोकणात नाही. प्रश्न ऑक्टोबरपासूनचा आहे. तळ्याचा पृष्ठभाग २२५ चौरस मीटर. दिवसाला पाच मिलिमीटर वाफ धरली तर रोज अकराशे लिटर नुसते उडून जातात. त्यात बागेचा आणि गुरांचा वापर. पंपाआधी फेब्रुवारी संपताना माझं तळं निम्म्यावर यायचं. आता मार्च उजाडतो तेव्हा ते भरलेलं असतं. दोनशे लहान कलमांना आठवड्याला प्रत्येकी तीस लिटर दिले तरी मार्च ते मे मिळून ऐंशी हजार लिटर पुरतात. उरलेल्यात वाफेची तूट निघते आणि शेजाऱ्याच्या काजूलाही पाणी जातं. हा शेजारी सुरुवातीला सर्वांत जास्त हसला होता.

धनगरवाड्याचं गणित याहून सोपं आहे. जलजीवन मिशनचं मापच घेऊ, माणशी रोज ५५ लिटर. ४,३२० लिटरमध्ये ७८ माणसं बसतात. पऱ्याचं पाणी गाळून, शुद्ध करूनच प्यायला द्यावं लागेल, तो खर्च वेगळा, ते मी लपवत नाही. आणि फेब्रुवारीनंतर पऱ्याच आटला तर पंपही गप्प होणार. पण आज त्या वाड्यावरच्या बायका जानेवारीतही हंडे घेऊन उतरतात. तेव्हा पऱ्यात पाणी खळखळत असतं, फक्त ते खाली असतं.

आक्षेप मला पाठ झाले आहेत. पहिला असतो, "साठातले सत्तावन्न लिटर वाया जातात." वाया कुठे जातात? पंपातून सांडून तिथेच पऱ्यात परत जातात आणि खालच्या वाडीला मिळतात. पाच अश्वशक्तीचा पंप तेच डबकं तासाभरात कोरडं करतो. त्यावरून आमच्याकडे भांडणं झाली आहेत, ठोक्यावरून अजून एकही नाही.

दुसरा आक्षेप सोलरचा. माझं सोलरशी वैर नाही, मोकळ्या रानात ते उत्तमच. पण आमचा पऱ्या घळीत आहे. ऊन उतरतं दहा वाजता आणि तीनला डोंगराआड जातं. पॅनल वर सड्यावर लावावं तर लांबलचक केबल, आणि वानरांचा कळप आहेच. शिवाय मला गरज मिनिटाला तीन लिटरची, घ्यायचा कमीत कमी तीन अश्वशक्तीचा संच. शेततळं मागेल त्याला मिळालं, सौर कृषीपंप मागेल त्याला मिळतो. मी जे मागतोय त्याला मागायचा रकानाच नाही.

हायड्रॅम महाराष्ट्रभर लावा असं माझं म्हणणं नाही. मराठवाड्याच्या सपाटीवर त्याचा उपयोग नाही, तिथे तो कुणी खपवायला आला तर हाकलून द्या. त्याला वाहतं पाणी हवं आणि उतार हवा. रत्नागिरी-सिंधुदुर्ग, रायगडचा डोंगरपट्टा, जव्हार-मोखाडा, अकोले, चंदगड-आजरा इथे दोन्ही आहे. उतार कमी पडला तर तोही मिळवता येतो, आणि ते आपल्या विभागाला चांगलं माहीत आहे. दर नोव्हेंबरात सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घातले जातात. त्या बंधाऱ्यापासून कडेकडेने पाट काढला आणि पाटाची पातळी राखत नेला, की शंभर-दीडशे मीटरवर पऱ्या आपसूक तीन मीटर खाली गेलेला असतो. पाट काढणं कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आज बंधाऱ्यात पाणी अडतं, जिरतं आणि बाकीचं सांडून जातं. त्या सांडणाऱ्या पाण्यात जोर असतो.

देशात हे नवीन नाही. उत्तराखंडच्या लघुसिंचन खात्याच्या कामांत गूल (छोटे पाट) आणि हौजांच्या बरोबरीने हायड्रॅमही येतो. फिलिपिन्समध्ये निग्रोस बेटावरच्या एआयडीएफआय या संस्थेने गावच्या कारागिरांकडून हे पंप करून डोंगरावरच्या वस्त्यांना पाणी दिलं आणि २०११ साली तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तोच पुरस्कार जळगाव जिल्ह्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांना मिळाला होता, म्हणून यादी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत छापून आली होती. मी तिथेच 'रॅम पंप' हे शब्द पहिल्यांदा वाचले. कात्रण अजून आहे.

तर मागणं असं. हायड्रॅमला दरसूचीत एक ओळ द्या. दीड इंची, दोन इंची, तीन इंची, पाइप आणि कुंडीसकट. पण ती ओळ माझ्या शब्दावर नको. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. त्यांनी एक हंगाम तीनही मापांचे पंप चालवून किती उताराला, किती चढावर, किती पाणी हे मोजावं आणि तक्ता छापावा. माझा पन्नास टक्क्यांचा हिशेब खोटा ठरला तरी चालेल. पंप करायचं काम मात्र बाहेरच्या ठेकेदाराला देऊ नका. तालुक्याच्या आयटीआयमधली फिटर आणि वेल्डरची पोरं तो आठवड्यात करतील, आणि बिघडला तर दुरुस्तीला माणूस वाडीतच सापडेल. माझ्या पंपाचा तीन वर्षांतला देखभालीचा खर्च म्हणजे रबरी वॉशर, जाळी आणि एक सायकल ट्यूब. पावसाळ्यापूर्वी तो खोलून घरी आणावा लागतो, नाहीतर पहिल्याच पुरात तो शास्त्री नदीचा धनी. अशा गोष्टी ठेकेदाराच्या हमीपत्रात मावत नाहीत.

आणि तो अर्ज. अश्वशक्तीच्या रकान्यात शून्य चालेल एवढं करायला मंत्रिमंडळाची बैठक लागत नसावी. ऊर्जेच्या रकान्यात चौथा पर्याय घाला : 'वाहतं पाणी'. शेततळं कृषीकडे, पंप ऊर्जेकडे, बंधारा आपल्याकडे, हे मला कळतं. पण पऱ्यापासून सड्यापर्यंत ते एकच पाणी आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या खात्याच्या बंधाऱ्यापासून होते, म्हणून पत्र आपल्याला.

कधी देवरुखला येणं झालं तर पाहायला या. गाडी वाडीच्या सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यापर्यंत येते, पुढे पंधरा मिनिटांची पायवाट. वाट चुकलात तरी अडचण नाही, उभं राहून कान दिला की ठोका ऐकू येतो. फक्त पुढचा रविवार सोडून या. त्या दिवशी वॉशर बदलायचा आहे, पंप बंद असेल.

आपला,
संगमेश्वर तालुक्यातला एक बागायतदार