बाबा, इथे डॉक्टर किती घेतात?

हॅनोव्हर (जर्मनी), २ मार्च

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तिकडे डॉक्टर एका वेळचे किती घेतात?" मी म्हणाले, "काही नाही." मागून आईचा आवाज आला, "म्हणजे फुकट?" त्यावर मी "फुकट नाही गं" म्हणाले. मग हिच्याकडून काही धड कळणार नाही, असं ठरवून तुम्ही थंडी किती आहे यावर आलात. आता तुमची इकडे यायची तिकिटं निघाली आहेत, तर एकदा बैजवार लिहिते. कारण ते "काही नाही" फक्त माझ्यापुरतं आहे. तुमचा हिशेब वेगळा.

आधी माझं सांगते. आरोग्य विम्याचे पैसे दर महिन्याला पगारातूनच कापले जातात. मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के, त्यावर ज्या त्या विमासंस्थेचा थोडा जादा. निम्मे मी भरते, निम्मे ऑफिस. पगाराच्या कागदावर तो आकडा दिसला की वाटतं, आता एखादी सर्दी तरी वसूल करून घ्यावी. दवाखान्यात मात्र पाकीट काढावं लागत नाही. काउंटरवरच्या बाईंना विम्याचं कार्ड द्यायचं, त्या ते मशीनमध्ये घालतात आणि परत देतात. तिमाहीत एकदा कार्ड दाखवलं की झालं. २००४ पासून २०१२ संपेपर्यंत तिमाहीचे १० युरो काउंटरवर घ्यायचे, तेही पुढे बंद झालं.

पहिल्या हिवाळ्यातली गंमत तुम्हाला सांगितलीच नव्हती, काळजी करत बसला असता. घसा पार बसला होता, अंगात ताप. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मी सवयीने पर्स उघडून काउंटरसमोर उभी राहिले. तिथल्या बाई माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेवटी त्यांनीच विचारलं, "अजून काही हवं होतं का?" मी आभार मानून निघाले. जिना उतरताना वाटत होतं, कोणीतरी मागून हाक मारणार. आणि हातात औषध म्हणाल तर काहीच नाही! भरपूर चहा प्या, झोपून राहा, तीन दिवस कामावर जाऊ नका. चहा म्हणजे आपला नव्हे, कसल्या कसल्या पाल्यांचा. इंजेक्शन नाही, अँटिबायोटिक नाही. भयंकर राग आला होता मला. चौथ्या दिवशी बरी झाले, हे कबूल करायला हवं.

मला औषध लिहून दिलं तर किमतीच्या १० टक्के माझ्या पदरचे जातात, पण ५ युरोंपेक्षा कमी नाही आणि १० पेक्षा जास्त नाही. दुकानदार तेच कार्ड लावतो आणि डॉक्टरांनी काय लिहिलंय ते त्याला स्क्रीनवर दिसतं. इस्पितळात राहावं लागलं तर दिवसाचे १०, तेही वर्षात २८ दिवसांपुरतेच.

आता तुमचं. तुमच्याकडे हे कार्ड नसणार. व्हिसासाठी जो प्रवास विमा काढायचा आहे, तो किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि तोच तुमचा आधार. पण बाबा, एजंटने दिलेला कागद तसाच फायलीत ठेवू नका. बारीक अक्षरातलं वाचा. आधीपासून असलेल्या दुखण्यांना बऱ्याच पॉलिसी हात वर करतात आणि तुमचं बीपी म्हणजे तेच आहे. दोन-चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण ज्यात जुन्या दुखण्याने अचानक उचल खाल्ली तर खर्च मिळतो अशी बघा. पॉलिसी पक्की करण्याआधी मला फोटो पाठवा.

तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं तर तुम्ही खासगी पेशंट. तिथेही त्या दिवशी बहुधा कोणी पैसे मागत नाही, बिल मागाहून पोस्टाने घरी येतं. माझ्या मैत्रिणीची आई गेल्या उन्हाळ्यात आली होती, तिचा कान ठणकत होता. बिल आलं तेव्हा ती परत जाऊन दोन आठवडे झाले होते. कागद बघण्यासारखा होता. प्रत्येक कामाला सरकारी दरपत्रकातला नंबर. पहिला नंबर म्हणजे डॉक्टरांनी दिलेला सल्ला, मूळ दर ४.६६ युरो. त्याला २.३ ने गुणून १०.७२. कानात डोकावून बघितलं त्याची ओळ वेगळी, साफ केला त्याची वेगळी. २.३ पटीपर्यंत डॉक्टरांना कारण द्यावं लागत नाही, त्यावर गेले तर लिहून द्यावं लागतं. बाबा, तुम्ही आयुष्यभर ऑडिट केलंत, तुम्हाला हे बिल वाचायला आवडेल. ते आपण आधी भरायचं आणि मग विम्याकडे मागायचं. म्हणून एकही कागद टाकायचा नाही. औषधाची चिठ्ठीसुद्धा तुम्हाला कागदावर मिळेल, बहुधा निळ्या. औषधाची सगळी किंमत तेव्हाच द्यायची आणि पावती जपायची.

त्यापेक्षा रोजच्या गोळ्या तिथूनच आणा. तीन महिन्यांच्या स्वतःपुरत्या आणता येतात. त्या हातातल्या बॅगेत ठेवा, पाकिटातून काढून डबीत भरू नका. डॉक्टरांकडून चिठ्ठी इंग्रजीत घ्या आणि तीत कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून मागा, कारण आपल्याकडची नावं इथे कोणी ओळखत नाही. साधी पॅरासिटामॉलसुद्धा इथे किराणामालाच्या दुकानात मिळत नाही, लाल 'ए'ची पाटी असलेलं औषधाचं दुकानच गाठावं लागतं. रविवारी त्यातलं पाळीचं एखादंच उघडं असतं.

आई, हे तुझ्यासाठी. वेटिंग रूममध्ये शिरताना सगळ्यांना मिळून "गुटन मॉर्गन" म्हणायचं. सगळे उत्तर देतात आणि मग पुन्हा कोणी कोणाशी बोलत नाही. तू शेजारणीला "तुम्हाला काय झालंय?" विचारणार, हे मला माहीत आहे. नको विचारूस. दुसरं म्हणजे, छाती तपासायची असली की डॉक्टर सरळ "वरचे कपडे काढा" म्हणतात. पडदा नाही, अंगावर घ्यायला चादर नाही. मी पहिल्यांदा पुतळ्यासारखी उभी होते. तू पुढून उघडणारा ब्लाउज किंवा सैल कुडता घालून चल, आणि डॉक्टरीणबाई मिळतील असं मी आधीच बघेन. मी आत तुझ्याबरोबर असेनच.

बऱ्याच ठिकाणी बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर दवाखाना बंद असतो. अवेळी काही झालं तर ११६११७ हा नंबर, जिवावरचं असेल तर ११२. दोन्ही मी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलेत. छातीत दुखलं, हात जड झाला, बोलताना जीभ अडखळली, तर मी ऑफिसमधून येईपर्यंत थांबायचं नाही. आधी ११२.

आणि बाबा, मागच्या वर्षी दाढ सुजली तेव्हा तुम्ही आठवडाभर लवंग धरून बसलात आणि आईलाही कळू दिलं नाहीत. इथे तसं करायचं नाही. पोरीला खर्चात टाकायचं नाही म्हणून गप्प राहाल, तर पाच ओळींच्या बिलाचं पन्नास ओळींचं बिल होईल. दाढेचं तिथेच एकदा दाखवून या. दातांचं इथे महाग पडतं आणि प्रवास विमा त्यात फारसं देत नाही.

रविवारी फोन करते तेव्हा गोळ्यांच्या सगळ्या पाकिटांची मागची बाजू कॅमेऱ्यासमोर धरा, मी नावं उतरवून घेते. आईची थायरॉइडची बाटलीसुद्धा.

तुमची,
मनू