किनाऱ्यावरच्या बोटी हा केवळ सराव नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील सागरी चित्रकारांवरील लेख वाचनीय होता. मात्र इंग्रज चित्रकार एडवर्ड विल्यम कुक यांच्या किनाऱ्यावरील मासेमारी बोटींच्या एचिंगची (तांब्याच्या पत्र्यावरील रेषा अम्लाने कोरून छापलेल्या चित्रांची) ‘तैलचित्रांआधीचा सराव’ अशी एका ओळीत केलेली बोळवण पटली नाही.

कुक यांचा जन्म १८११ सालचा. वडील जॉर्ज कुक हे लंडनमधील नावाजलेले उत्कीर्णनकार, म्हणजे छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर चित्र कोरणारे. प्रसिद्ध इंग्रज चित्रकार टर्नर यांच्या चित्रांवरूनही त्यांनी तांब्याचे पत्रे कोरले होते. त्यामुळे तांब्याचा पत्रा आणि सुई या मुलाला घरातच मिळाली. जहाजे आणि बोटींच्या एचिंगचा त्यांचा ६५ चित्रांचा संग्रह १८२९ मध्ये निघाला, तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. तैलरंगांकडे ते नंतर वळले हे खरे, पण तेवढ्यावरून आधीचे काम दुय्यम ठरत नाही.

बोट पाण्यात असताना तिचे निम्मे अंग दिसतच नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन किंवा हेस्टिंग्ज येथे त्या काळी मासेमारांना सुरक्षित बंदर नव्हते. बोटी गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढून घ्याव्या लागत आणि म्हणूनच ब्रायटनच्या बोटींचे बूड सपाट व पोट रुंद असे. कलंडलेल्या बोटीच्या चित्रात हे सारे उघडे पडते: एकमेकींवर चढवलेल्या फळ्या, सुकाणूच्या बिजागऱ्या, सैल सोडलेले दोर. तुफानाच्या भव्य तैलचित्रात हे फेसाखाली जाते (आणि चित्रकाराची सोयही होते).

शिवाय हे काम अम्लाच्या भरवशावर चालते. मेणाच्या थरावर सुईने ओढलेली रेषा अम्लात जितका वेळ राहील तितकी खोल जाते आणि तितकी काळी छापली जाते. आकाशाच्या फिकट रेषा आधीच वार्निशने झाकून काळ्याभोर सांगाड्याच्या रेषा पुन्हा अम्लात सोडाव्या लागतात. छापा उलटा उमटत असल्याने बोटीवरचे नावही पत्र्यावर उलटे लिहावे लागते.

आपण छापलेल्या चित्राच्या चारही कडा कापल्या गेल्या होत्या आणि वर तपकिरी छटा चढवली होती, त्यामुळे डोलकाठीचे दोर एकमेकांत मिसळून गेले. पुढील वेळी असे चित्र पत्र्याच्या दाबाच्या खुणेसह (छापताना पत्र्याच्या कडांची कागदावर उमटणारी चौकट), मूळ काळ्या-पांढऱ्या रूपात आणि निदान अर्ध्या पानावर छापावे, ही विनंती.

एक वाचक