‘ट्वी’ नव्हे, ‘च्वी’

मा. संपादक,

घानाच्या बातम्यांत तिथल्या भाषेचं नाव ‘ट्वी’ आणि फुटबॉलपटू असामोआचं आडनाव ‘ग्यान’ छापून येतं. दोन्ही चुका एकाच कारणाने होतात: रोमन अक्षरं इंग्रजीच्या सवयीने वाचली जातात. च्वी ज्या अकान भाषेची बोली आहे, तिच्या लेखनात ‘के-वाय’ म्हणजे च, ‘जी-वाय’ म्हणजे ज, ‘एच-वाय’ म्हणजे श आणि ‘टी-डब्ल्यू’ म्हणजे च्व. तेव्हा भाषा च्वी, आडनाव ज्यान, आणि ‘अक्येम’ लिहितो तो प्रदेश अचेम.

अकान ही दक्षिण घानाची सर्वांत मोठी भाषा. आयव्हरी कोस्टच्या पूर्व भागातही ती बोलतात. कुमासीची आसांते आणि अक्रोपाँगची आक्वापेम या दोन्ही बोलींना च्वी म्हणतात, केप कोस्टच्या किनाऱ्यावरची ती फान्ते. बोलणाऱ्यांना एकमेकांचं कळतं, पण लेखन वेगवेगळं वाढलं. सर्वांसाठी एक लेखनपद्धती ठरायला १९७८ उजाडलं.

मराठी माणसाला या बोलींतला फरक चटकन कळावा, कारण ‘चिमणी’तला च वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा हे आपल्या जिभेला ठाऊक आहे. आसांतेत ‘खाणे’ म्हणजे ‘दी’. फान्तेत तोच द ‘ई’आधी घासून येतो, ‘जहाज’मधल्या ज सारखा. अडचण लिहिताना येते. ‘जी’ लिहिलं की आपण ‘जीवन’मधला ज वाचतो, म्हणून तिथे ‘द्झी’ लिहावं. याउलट ‘जान’ लिहिलं तर कुणी ‘जाणे’सारखं वाचेल, तिथे ‘ज्यान’च हवं. उलट्या ‘सी’सारखं दिसणारं अक्षर मात्र ‘ओ’ नव्हे, सरळ आपला ‘ऑ’ आहे: ‘कॉ’ म्हणजे जाणे.

नावांचंही पाहावं. क्वामे म्हणजे शनिवारी जन्मलेला मुलगा, कोफी शुक्रवारचा, मुलींत अमा शनिवारची आणि अफुआ शुक्रवारची. सोमवारचा मुलगा आसांतेत क्वाज्वो, फान्तेत कोज्यो. एकाच वाराची माणसं हजारोंनी असतात, म्हणून घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे न्क्रुमा यांचा बातमीत दुसऱ्यांदा उल्लेख करताना नुसतं ‘क्वामे’ न लिहिता ‘न्क्रुमा’ लिहावं.

सूर मात्र देवनागरीत दाखवता येणार नाहीत. ‘पापा’ची दोन्ही अक्षरं उंच सुरात म्हटली तर ‘चांगलं’, पहिलं खाली आणि दुसरं वर गेलं तर ‘वडील’, दोन्ही खाली राहिली तर ‘पंखा’. रोजच्या अकान लेखनातही हे सूर लिहीत नाहीत, वाचणारा संदर्भाने ओळखतो.

– एक वाचक, पुणे