आधी विसार, मग वास्तुशांत

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर डोंबिवलीचं घर विकून पुण्यात फ्लॅट घ्यायचा विषय निघाला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून लिहायला बसले. कागद हातात आला की बाबा पेन्सिल घेतात, हे मला ठाऊक आहे. खुशाल खुणा करा.

आमच्या मागच्या गल्लीतला फ्लॅट तुम्हा दोघांना आवडला, मलाही आवडला. लिफ्ट आहे, देऊळ हाकेवर आहे, आणि डोंबिवलीचे तीन जिने आईच्या गुडघ्यांना आता झेपत नाहीत. तरीही बाबा, पोस्टातली ठेव मोडून पाच लाखांचा विसार द्यायचा नाही. दसऱ्याला वास्तुशांत नाही झाली तर नाही झाली. आधी आपल्या घराचं साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, होऊ दे.

हे बोलायचा मला अधिकार का, तर एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. 2014 साली आम्ही घर बदललं तेव्हा नवं आधी घेतलं. जुनं महिन्याभरात जाईल असं एजंट म्हणाला होता. आठ महिने गेलं नाही. दोन्हीकडचे हप्ते, दोन्हीकडचा मेंटेनन्स. शेवटी जे गिऱ्हाईक आलं त्याला वॉचमननेच सांगून टाकलं, की हे लोक कधीच दुसरीकडे गेलेत, घर बंद असतं. त्याने चार लाख पाडले आणि आम्ही मुकाट हो म्हटलं. आई, मामेभावाच्या लग्नात तू विचारलंस, पाटल्या का नाहीत हातात? मी म्हटलं, बँकेत आहेत. बँकेतच होत्या, पण तारण म्हणून. वर्षभरात सोडवल्या, आता काळजी करत बसू नकोस. आमच्याकडे तेव्हा दोन पगार होते. तुमच्याकडे पेन्शन आहे, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाबांना गृहकर्ज मिळवणं जवळजवळ अशक्यच.

आता बाबांचा हिशोब. घर 62 लाखांना जाईल, फ्लॅट 58 चा, म्हणजे चार लाख उरतील, असं तुम्ही वहीत मांडलंय. तसं होत नाही. पुण्यात स्टॅम्प ड्युटी सगळं धरून 7 टक्के, म्हणजे 58 लाखांवर 4 लाख 6 हजार. नोंदणीचे 30 हजार वेगळे. दोन्हीकडच्या एजंटांना एकेक टक्का. शिवाय किंमत 50 लाखांच्या पुढे असल्याने घेणारा 1 टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापूनच चेक देणार. ते 62 हजार बुडत नाहीत, पण रिटर्न भरल्यावर परत यायचे तेव्हा येतील. या सगळ्यात चार लाख उरत तर नाहीतच, उलट खिशातले दोनएक लाख घालावे लागतील. 54 पर्यंत सौदा आला तर खर्च 58 लाख 62 हजारांवर थांबतो आणि रंग, ट्रक, पडदे यांना दोन लाख राहतात. त्यामुळे त्या मालकाशी घासाघीस करायला जागा हवी, आणि "आमचे पैसे तयार आहेत" म्हणणाऱ्याचंच मालक ऐकतो.

बाबांना धास्ती आहे की पैसे लगेच घरात घातले नाहीत तर सगळं करात जाईल. कर नफ्यावर असतो, आणि नवं घर विक्रीनंतर दोन वर्षांत घेतलं तरी सूट मिळते (विक्रीच्या आधीच्या वर्षात घेतलेलंही चालतं). रिटर्नची तारीख आधी आली तर उरलेली रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवायची. घर 1988 चं असल्यामुळे 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येईल, त्यासाठी व्हॅल्युअरचा दाखला काढू. आणि आई, शेजारच्या काकू सांगतात ते खरं आहे, फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ड्युटी एक टक्का कमी. पण विकतोय ते घर बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे. नवं फक्त तुझ्या नावावर केलं तर बाबांच्या करसवलतीवर वाद निघू शकतो. पन्नास हजारांसाठी ते झेंगट नको. दोघांची नावं घालू, बाबांचं पहिलं.

ताब्याचं मी असं योजलंय. आपल्या गिऱ्हाइकाला कर्ज काढायचंय, म्हणजे त्यांच्या बँकेत दीड-दोन महिने जाणारच. साठेखतातच लिहून घ्यायचं, की बाकी सगळे पैसे मिळाल्यावर पंचेचाळीस दिवस आपण तिथेच राहणार, आणि त्यापोटी शेवटचे दोन लाख त्यांनी किल्ल्या मिळेपर्यंत हातात ठेवायचे. नवरा-बायको समजूतदार वाटले मला. बाईंनी तर ओटा किती उंच आहे ते वितीने मोजून पाहिलं. घ्यायचं नसतं तर कोण मोजतं?

एवढं करूनही मधे दोन-तीन महिन्यांची फट पडली, तर आमच्याकडे या. "लेकीच्या घरी मुक्काम नको" हे बाबा म्हणणार, म्हणून पर्यायही शोधलाय. आमच्याच सोसायटीत बी विंगमधली एक खोली-किचन अकरा महिन्यांच्या करारावर मिळतेय. भाडं तुम्हीच भरा. जेवायला मात्र इकडे यायचं.

एक काम लगेच करा. 26 जुलैच्या पुरात सोसायटीचं तळमजल्यावरचं ऑफिस बुडालं, त्यात आपलं शेअर सर्टिफिकेट गेलं आणि आपण वीस वर्षं "करू करू" म्हणत राहिलो. गिऱ्हाइकाची बँक पहिलं तेच मागेल. पोलिसांत हरवल्याची नोंद, पेपरात नोटीस, मग कमिटीचा ठराव, यात महिना सहज जातो. पितृपक्ष लागायच्या आत सेक्रेटरींना अर्ज देऊन पोच घ्या. अर्ज सोबत लिहून पाठवलाय, बाबांनी फक्त सही करायची.

शनिवारी मी येतेच आहे. माळ्यावरचं मी काढीन, आईने स्टुलावर चढायचं नाही. आणि तांब्याचा बंब इतक्यात भंगारवाल्याला दाखवू नका.

तुमची,
धाकटी