शशीला काय सांगू?

प्रिय मंगल,

शशीचा फोन आला होता. झोपेत तिची शुगर पुन्हा उतरली. या वेळी घाम नाही, थरथर नाही, काही कळलंच नाही. मुलाने हलवून उठवलं म्हणून निभावलं. एवढं सांगून झाल्यावर एकदम म्हणाली, "डुकराच्या आयलेट्स, म्हणजे स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके, माणसात बसवायची ट्रायल निघाली तर नाव देऊ का गं? तू तर त्यातलीच." मी विचार करून सांगते म्हटलं, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू? शशीही तुझी, ग्लायकनही, पेशींवरच्या त्या साखरेच्या साखळ्याही, तुझ्याच.

तब्येत ठीक. गुडघा तसाच.

तू म्हणायचीस ना, पेशीचं खरं काम प्रोटीन करतात, वरच्या साखरेच्या साखळ्या म्हणजे नक्षी! त्यावरून आपण बोलणं टाकलं होतं आणि सरांना मध्ये पडावं लागलं होतं. तुझा हुकमाचा पत्ता इन्सुलिन. डुकराच्या आणि आपल्या इन्सुलिनमध्ये एकाच अमिनो आम्लाचा फरक, त्यातल्या अमिनो आम्लांच्या बी साखळीच्या ३०व्या जागी त्याचं अलानिन, आपलं थ्रिओनिन. शशीने लहानपणी तेच तर टोचून घेतलं, आणि जगली. मान्य. पण ते इन्सुलिन बनवणारी अख्खी पेशी अंगात ठेवली की शरीर आधी तिच्यावरच्या साखळ्या चाचपतं. हे भांडण मी अजून सोडलेलं नाही.

डुकराच्या पेशींवरच्या अल्फा-गॅल या साखरेचं तुला सांगायला नको. ती साखर जोडणारं एन्झाइम आपल्यात बंद पडलंय, तसंच वानरांत आणि आफ्रिका-आशियातल्या माकडांत. आतड्यातल्या जीवाणूंवर तशाच साखळ्या असतात, म्हणून लहानपणापासून आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार असतात, एकूण अँटीबॉडींच्या जवळजवळ १ टक्का. पण ही साखर डुकराच्या सगळ्या पेशींवर सारखी नसते. मोठ्या डुकराच्या बीटा पेशींवर, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर, ती जवळपास सापडत नाही, सापडते आयलेटमधल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर. पिल्लांच्या आयलेट्सवर मात्र भरपूर. आणि वेगळी करायला, टिकवायला सोपी कुठली, तर पिल्लांचीच!

म्हणून कुणी 'डुकराची आयलेट विरुद्ध माणसाची आयलेट' असा तक्ता पुढे ठेवला की मी आधी विचारते, कुठलं डुक्कर? आणि आयलेटमधली कुठली पेशी? अख्खी आयलेट्स फोडून साखळ्या सोडवल्या आणि वजनावरून रेणू ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घातल्या, की बीटा पेशी, रक्तवाहिन्या, सोबत चिकटून आलेल्या स्वादुपिंडाच्या इतर पेशी, सगळ्यांचं मिळून एकच चित्र येतं. आलेखावर साखळीचं शिखर दिसतं, ते कुठल्या पेशीचं हे दिसत नाही. लेक्टिनने, म्हणजे ठरावीक साखरेलाच चिकटणाऱ्या प्रोटीनने, रंगवून पेशी न् पेशी बघावी लागते. तू ते किती सुंदर करायचीस! (तुझ्या त्या वह्या माझ्याकडेच आहेत. अक्षर अजून कुणाला लागलेलं नाही. एक पान उंदराने खाल्लंय, त्याला लागलं असावं.)

आता खरी काळजी. दुसरी साखर, न्यू५जीसी. आपल्या पेशींवरच्या सियालिक आम्ल या साखरेत आणि तिच्यात एका ऑक्सिजनच्या अणूचा फरक. ती बनवणारा सीएमएएच जीन माणसाच्या पूर्वजांत २०-३० लाख वर्षांपूर्वी मोडला. ज्या बॅबून माकडांवर आधी चाचणी होते, त्यांच्यात तो शाबूत आहे. म्हणजे न्यू५जीसीवर माणसाचं शरीर काय करेल हे बॅबून सांगूच शकत नाही, ती त्याची स्वतःचीच साखर आहे. उलट तो जीन डुकरात बंद केला, की पेशीवर काहीतरी नवीन उघडं पडतं आणि बॅबूनच्या अँटीबॉडी त्यालाच धरतात. अल्फा-गॅल, न्यू५जीसी आणि एसडीए ही तिसरी, अशा तिन्ही साखळ्या काढलेल्या डुकराच्या पेशींना कित्येक माणसांचं सीरम (रक्तातला अँटीबॉडी असलेला द्रव) जेमतेम चिकटतं, बॅबूनचं मात्र सर्रास चिकटतं. मग प्राण्यातल्या चाचणीवर भिस्त ठेवायची तरी किती? शेवटी खरं उत्तर माणसातच मिळणार, आणि ते माणूस शशी असेल.

स्वीडनमध्ये ग्रोथ यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला १० मधुमेही रुग्णांना डुकराच्या गर्भातल्या आयलेट्स दिल्या होत्या, आठवतं? चौघांच्या लघवीत डुकराचं सी-पेप्टाइड, म्हणजे इन्सुलिन बनताना सुटणारा तुकडा, २०० ते ४०० दिवस येत राहिलं. १९९४ च्या 'लॅन्सेट'मधला तो पेपर वाचून आपण नाचलो होतो. पण इन्सुलिनचं इंजेक्शन कुणाचंच सुटलं नाही. शिवाय ती सगळी किडनी बदललेली माणसं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना चालूच होती. शशीची किडनी उत्तम आहे. तिला ती औषधं केवळ या पेशींसाठी घ्यावी लागतील.

तरी नको म्हणायला जीभ रेटत नाही गं. रात्री शुगर उतरतेय आणि तिला कळत नाहीये, हा धोका आजचा आहे. मला वाटतं, ट्रायलवाल्यांना विचारायला तिला दोन प्रश्न लिहून द्यावेत: 'पेशी पिल्लाच्या की मोठ्या डुकराच्या, आणि कुठल्या साखळ्या काढलेल्या?' आणि 'माझं स्वतःचं सीरम त्याच पेशींवर आधी तपासणार का?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर मी तिला जाऊ देणार नाही, मग ती रुसली तरी चालेल. तोवर झोपेत वाजणारा ग्लुकोज सेन्सर लावून घे म्हणून मी तिच्या मागे लागलेय. तूही लाग.

तुझं नव्या घरात सामान लागलं का? धाकटीचा निकाल काय? दादांना नमस्कार सांग.

आणि ऐक, शशीला फोन करण्याआधी मला कर. आपण दोघींनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर ती सरळ तिसऱ्याला विचारेल, आणि तो तिसरा कोण हे तुला माहीत आहे.

तुझी,
सुमन