प्रोफाइलमध्ये तुमचं काम लिहू द्या

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की आई तू म्हणतेस "आमचं काय लिहायचं त्यात" आणि बाबा तुम्ही फोन तिच्याकडे देऊन मोकळे होता, म्हणून आता लिहूनच काढतेय. आपल्या लीडरशिप ट्रेनिंगच्या कंपनीची नवीन प्रोफाइल मी आणि वहिनी तयार करतोय, त्यात प्रत्येकाचा एक परिच्छेद, आधी कुठलं काम केलं, त्यात काय जबाबदारी होती आणि आता ट्रेनिंगमध्ये काय शिकवतो. दादाचा झाला, वहिनीचा झाला, माझाही झाला. तुम्ही दोघांनी मिळून पाठवलंय एक वाक्य, 'संस्थापक, दीर्घ अनुभव'. एवढ्यावर मी ते छापायला देणार नाही.

तुमच्या मनात काय आहे ते मला माहितीय. समोर बॅचमध्ये मॅनेजर बसतात, डिरेक्टर बसतात, बऱ्याच जणांकडे एमबीए असतं, आणि त्यांना लीडरशिप शिकवणारे कोण तर ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर आणि मेंटेनन्सचे फोरमन, हे वाचून लोक काय म्हणतील असं तुम्हाला वाटतं. पण या विषयाचा पाया ज्यांनी घातला ते कोण होते ते बघा ना. हेन्री फेयॉल हे मायनिंग इंजिनिअर, खाणीत आग लागली तर ती कशी आटोक्यात आणायची यावर काम करणारे, 1888 मध्ये त्यांच्याकडे अख्खी कंपनी सोपवली, आणि त्यांचं मॅनेजमेंटवरचं प्रसिद्ध लिखाण आलं 1916 मध्ये, म्हणजे आधी काम आणि मग थिअरी. रॉबर्ट ग्रीनलीफ, ज्यांची सर्व्हंट लीडरशिपची, म्हणजे आधी लोकांची सेवा आणि मग नेतृत्व, ही कल्पना आज प्रत्येक कोर्समध्ये असते, त्यांनी आयुष्यभर एका टेलिफोन कंपनीत नोकरी केली आणि त्यावरचा निबंध लिहिला 1970 मध्ये, रिटायर झाल्यावर. मेरी पार्कर फॉलेट वस्तीतल्या लोकांसाठी केंद्रं चालवायच्या, दुसऱ्यावर सत्ता गाजवण्यापेक्षा दुसऱ्यासोबत मिळून सत्ता वापरावी हा विचार त्यांनी तिथून आणला. तुम्ही याच रस्त्याने आलाय, फक्त तुम्हाला तसं कुणी सांगितलं नाही.

आई, आधी तुझं. तू स्वॅब काऊंटचं सांगतेस ना, की जखम बंद करायच्या आधी स्वॅब म्हणजे रक्त टिपायचे बोळे, सुया, इन्स्ट्रुमेंट्स दोघींनी मिळून मोठ्याने मोजायची, आणि आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही सिनियर असो, "सर थांबा, काऊंट जुळत नाहीये" असं म्हणायचं, म्हणायचंच, हे सांगताना तुझा आवाज बदलतो आणि पूर्ण बॅच गप्प होते. कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी बॉससमोर तोंड बंद ठेवलेलं असतं. डब्ल्यूएचओची सर्जरीची चेकलिस्ट 2008 मध्ये आली, त्यात कापायच्या आधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असतं, आणि आठ हॉस्पिटलांमध्ये ती वापरून बघितली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचं 2009 च्या अभ्यासात दिसलं. नुसत्या कागदाने हे होत नाही हे तूच सांगतेस, कागदावर टिक करणारी बाई थांबा म्हणू शकते का यावर सगळं आहे. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, आणि निघालं उलटंच, तिथे नोंदवलेल्या चुका जास्त, कारण तिथल्या नर्सेस घाबरत नव्हत्या आणि चूक झाली तर सांगत होत्या. हे मी स्लाइडवर दाखवते, पण तू ते जगलीस. तुझ्या वॉर्डातल्या नवीन मुली चूक झाली की आधी तुझ्याकडे यायच्या, ती लपवायच्या नाहीत, मी लहान असताना तुझ्याच तोंडून हे ऐकलंय. याला 'दीर्घ अनुभव' म्हणायचं?

बाबा, तुमचं तर त्याहून वाईट, तुम्ही फिटर म्हणून सुरुवात केली हेच तुम्हाला नको आहे प्रोफाइलमध्ये. मला तेच पहिलं हवंय. मशीन दुरुस्तीला घेतलं की सप्लाय बंद करून ज्याचं त्याने आपलं कुलूप लावायचं, चार जण आत काम करत असतील तर चार कुलपं, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, प्रॉडक्शनवाले कितीही डोक्यावर बसले तरी. हेल्परचं कुलूप असेल तर सगळ्यांनी हेल्परसाठी थांबायचं. तुम्ही हे सेफ्टीचा नियम म्हणून सांगता, पण ऐकणाऱ्याला त्यातून कळतं की हुद्दा मोठा म्हणून दुसऱ्याच्या जिवाचा निर्णय आपला होत नाही, आणि हे मी कितीही मॉडेल्स काढून दाखवली तरी इतकं आत जाणार नाही. दुसरं म्हणजे तुमचं शिफ्ट लॉगबुक. पुढच्या शिफ्टला नुसतं 'मशीन ठीक' असं लिहून द्यायचं नाही, काय झालं, काय केलं, काय राहिलं आणि माझा अंदाज काय, हे सगळं लिहायचं. हॉस्पिटलमध्ये पेशंटबद्दल सांगायची जी एसबार पद्धत आहे, परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, शिफारस, ती मुळात अमेरिकन नेव्हीच्या पाणबुड्यांमधून आली, आणि ती शिकताना आई म्हणाली होती हे तर तुझे बाबा रोज लिहितात!

आणि एक गोष्ट तुम्ही कधीच सांगत नाही, ती मी लिहिणार आहे. तुम्ही रजेवर असलात तरी तुमची शिफ्ट नीट चालायची. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1939 च्या सुमारास मुलांच्या गटांवर प्रयोग केले होते, त्यात हुकूम सोडणारा लीडर खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, आणि मुलांना निर्णयात घेणारा लीडर बाहेर गेला तरी काम चालू राहायचं. फोरमनची यापेक्षा चांगली परीक्षा कुठली?

वहिनीचं काम थोडक्यात सांगते, तुम्हाला ते माहितीच आहे. ती केबिन क्रूमध्ये होती आणि सीआरएम, म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, विमानातल्या सगळ्यांनी हुद्दा न बघता एकमेकांशी बोलून काम करायचं ट्रेनिंग, तिने दरवर्षी केलंय. 27 मार्च 1977 ला टेनेरिफला धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर धडकली, 583 माणसं गेली, आणि त्यातल्या एका विमानात फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान अजून धावपट्टीवर आहे का अशी शंका काढली होती, पण ती बाजूला पडली. अशा अपघातांनंतर 1979 मध्ये नासाने वर्कशॉप घेतलं आणि तिथून हे ट्रेनिंग उभं राहिलं. आईचं "सर थांबा" आणि वहिनीचं हे, दोन्ही एकाच सेशनमध्ये घ्यायचं असं आम्ही ठरवलंय. दादा अकाउंट्समधला, त्यामुळे कोर्स संपल्यावर 'मजा आली' असे फॉर्म भरून घेण्यावर तो थांबत नाही, डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या तो धरून बसतो, आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, कामात फरक पडला का, आणि तिसऱ्या पायरीसाठी दोन-तीन महिन्यांनी परत विचारायला लावतो. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे कोर्सची मांडणी माझ्याकडे. बास, आम्हा दोघांचं इतकंच.

वहिनीच्या परिच्छेदाबद्दल एक सांगायचंय. तुमच्या जुन्या मसुद्यात तिचं वाक्य 'सून' या शब्दाने सुरू होत होतं, ते मी बदललंय. तागिउरी आणि डेव्हिस यांनी 1978 मध्ये कौटुंबिक धंद्यासाठी तीन वर्तुळं मांडली होती, कुटुंब, मालकी आणि धंदा, आणि प्रत्येक माणूस नक्की कुठे उभा आहे ते ओळखलं नाही की वाद होतात. क्लायंटसमोर ती धंद्याच्या वर्तुळात आहे, तिथे तिची ओळख तिच्या कामानेच व्हायला हवी. घरी ती सून आहेच, त्याला कोण नाही म्हणतंय.

आता काय लिहायचं नाही तेही सांगते. 'लीडरशिप गुरू' नाही, 'हजारो आयुष्यं बदलली' नाही, आणि आई, तू ऑपरेशन थिएटर सांभाळलंस म्हणून तुला सॉफ्टवेअर कंपनीचे सगळे प्रश्न कळतात असंही नाही. जे केलं ते आणि तेवढंच. वागणं बदललं की नाही हे पाहायला दादा आहे, दावे आपण करायचे नाहीत. खरं काम इतकं भरभक्कम असताना त्यावर वर्ख कशाला चढवायचा?

आणखी एक, हे मला फोनवर बोलता आलं नसतं. दिवसभर उभं राहून सेशन घेणं आता तुम्हाला झेपत नाही हे दिसतंय आम्हाला. बाबांचे गुडघे आणि आईचा आवाज दोन्ही दुपारनंतर थकतात. म्हणून दादाचं आणि माझं असं ठरतंय की तुम्ही सकाळचा एक तास घ्यायचा, बाकीचं आम्ही. आणि तुमचे किस्से रेकॉर्ड करून ठेवायचे, तुमच्या शब्दांत, माझ्या भाषेत गाळून नाही. तुम्हाला बाजूला करायचा यात काहीही विचार नाही, उलट तुमच्याशिवाय हा कोर्स इतर कुणाच्याही कोर्ससारखाच होईल याची मला मनापासून भीती वाटते.

आई, ऑपरेशन थिएटरमधली वर्षं कुठली आणि वॉर्डमधली कुठली ते नीट लिहून पाठव, अंदाजे नको. पेशंट किंवा डॉक्टर ओळखू येतील असं काहीही मी घेणार नाही, ते तू नको सांगूस. बाबा, लॉगबुकच्या पानाचा नमुना हवाय, हाताने आखून दिलात तरी चालेल, तो कोर्सच्या वहीत छापायचा आहे. तुमचा परिच्छेद 'फिटर म्हणून कामाला सुरुवात' असाच सुरू केलाय मी. ते वाक्य खोडायचं असेल तर खोडा, पण मग मला फोन करून कारण सांगा, आणि फोन आईकडे देऊ नका.

तुमची लाडकी,
लेक